उपग्रहाशी पहिली जोडणी: मच्छीमार नौकांवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौकांच्या वायरिंगची कामं करतो. जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस सेट आणि आता ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत नौकेची जागा आणि संदेश किनाऱ्याला पोचवणारं यंत्र. जुलैचा शेवटचा आठवडा लागला की फोनवर एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत यायला लागते: "यंत्र चालू आहे, पण लागत नाही." हर्णैपासून मालवणपर्यंतच्या नाखव्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या दोन-तीन पोरांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगत बसलो नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. पहिली जोडणी म्हणजे काय? चालू केलं की सिग्नल येतो, झालं ना?

नाही. सिग्नल आला म्हणजे उपग्रहाचा आवाज तुमच्या यंत्राला ऐकू आला. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, हे अजून ठरायचंय.

खाडीच्या अलीकडे उभं राहून तरीवाल्याला हाक मारायची, तसंच हे. पलीकडे होडी दिसली, इथवर झाला सिग्नल. मग तुम्ही हाक मारता. तो हात वर करतो. पण शेजारी अजून एक माणूस उभा असेल तर हात कोणासाठी वर झाला ते कळत नाही. म्हणून तुम्ही नाव सांगता आणि तो तेच नाव परत घेतो. तेव्हा कुठे तुमची जागा पक्की.

मोबाइलच्या सध्याच्या पद्धतीत नेमक्या ह्याच चार पायऱ्या आहेत: यंत्राची हाक, वरून 'ऐकलं, अमुक वेळी बोल' असं उत्तर, यंत्राने सांगितलेली ओळख, आणि वरून त्या ओळखीला दुजोरा. चारांतली एक जरी हुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर 'शोधतंय' दिसतं तेव्हा बहुतेक वेळा शोधून झालेलं असतं. यंत्र या चार पायऱ्यांमध्ये कुठेतरी अडकलेलं असतं.

२. मोबाइल टॉवर दोन सेकंदांत धरतो. उपग्रहालाच एवढा वेळ का?

अंतरामुळे. आणि खरं सांगायचं तर अंतरामुळे आवाज क्षीण होतो ही अडचण दुय्यम, वेळ चुकते ही मोठी.

रेडिओलहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. टॉवर ५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या तीस हजाराव्या भागाइतका वेळ. भूस्थिर उपग्रह, म्हणजे खालून बघता आकाशात एकाच जागी उभा राहणारा, सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो. नौकेवरून उपग्रह, तिथून खाली जमिनीवरचं केंद्र, आणि त्याच वाटेने परत, असा चार वेळा प्रवास झाला की जवळजवळ अर्धा सेकंद जातो. जमिनीवरच्या टॉवरसाठी बनवलेलं यंत्र एवढा वेळ थांबतच नाही. उत्तर आलं नाही असं समजून ते पुन्हा हाक मारतं, आणि पहिल्या हाकेचं उत्तर येतं तेव्हा ते दुसरीकडे कान लावून बसलेलं असतं.

जुन्या नाखव्यांना हा प्रकार वेगळ्या रूपात माहीत आहे. टूजीच्या काळात समुद्रात लांब गेलं की फोनवर दांड्या दिसायच्या, पण कॉल काही लागायचा नाही. कारण असं, की त्या पद्धतीत फोनने आपला आवाज किती आधी पाठवायचा हे टॉवर सांगतो, आणि तो आकडा ० ते ६३ एवढाच असतो. एक पायरी साधारण ५५० मीटरची. म्हणजे ३५ किलोमीटर, जेमतेम १९ सागरी मैल, झाले की मोजपट्टीच संपली. आवाज पोचत असूनही टॉवर घेत नसे, कारण तो चुकीच्या वेळी पोचायचा. उपग्रहाचं दुखणं याच जातीचं आहे, फक्त हजारपट मोठं.

३. सरकारने नौकेवर बसवलेला ट्रान्सपॉन्डर कुठल्या उपग्रहाशी बोलतो?

इस्रोच्या जीसॅट-६ शी. ऑगस्ट २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे आणि त्याला ६ मीटर व्यासाची, वर गेल्यावर छत्रीसारखी उलगडणारी अँटेना आहे. वरचा कान एवढा मोठा म्हणून खालचं यंत्र डब्याएवढं असलं तरी चालतं. या ट्रान्सपॉन्डरांची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुरू झाली. किनाऱ्यावरच्या १३ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख नौकांवर ते बसवायचे आहेत. मच्छीमाराला पैसे पडत नाहीत. कोणी 'बसवणावळ' मागत असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत विचारा.

रत्नागिरीहून दक्षिणेकडे तोंड करा, थोडं डावीकडे वळा आणि मान चांगली वर करा. हा उपग्रह तिथे, क्षितिजापासून साधारण ६७ अंशांवर, आहे. तो जागचा हलत नाही. याचा फायदा पुढे प्रश्न ८ आणि ११ मध्ये दिसेल.

४. दोन महिने बंद असलेलं यंत्र ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चालू केलं की फार वेळ का घेतं?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका वर ओढलेली, झाप नाहीतर प्लॅस्टिक घालून शाकारलेली. बॅटरी काढून घरी नेलेली. यंत्राच्या आत एक छोटा सेल असतो, त्यावर घड्याळ आणि उपग्रहांच्या जागा लक्षात राहतात. तोही दोन महिन्यांत उतरू शकतो. मग १ ऑगस्टला तुम्ही बटण दाबता तेव्हा त्या यंत्राला आज कुठली तारीख आहे आणि आपण कुठे आहोत, यातलं काहीच माहीत नसतं. झोपेतून उठून एकदम बाजारात उभं केल्यासारखं.

त्याला आधी जीपीएसचे उपग्रह शोधावे लागतात. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपली नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो. ते सांगणं पूर्ण ऐकलं तरच हिशेब जमतो. मध्येच कोणी अँटेनेसमोर उभं राहिलं, लोखंडी दार उघडलं, आणि तेवढ्यात तुकडा हुकला, तर पुढच्या फेरीची वाट बघायची. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायचं तर १२.५ मिनिटं लागतात. मोकळ्या आकाशाखाली साधारण मिनिटभरात जागा कळते. शाकारलेल्या नौकेत अर्ध्या तासातही कळत नाही.

आणि जागा कळल्याशिवाय नव्या पद्धतीची यंत्रं उपग्रहाला हाक मारतच नाहीत. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

म्हणून माझं सांगणं एकच: नौका पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी झाप काढा, बॅटरी जोडा, यंत्र चालू करा आणि चहाला निघून जा. वीस मिनिटं हात लावू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाल्यावर बंदराच्या तोंडाशी बटण दाबायचं आणि मला फोन करायचा, ही पद्धत बंद करूया.

५. लागत नसेल तर बंद करून पुन्हा चालू करतो. बरोबर ना?

नव्वद टक्के वेळा हेच चुकतं. टीव्हीला चालतं म्हणून इथे चालत नाही.

यंत्र पहिली हाक हळू मारतं. मुद्दामच, म्हणजे इतरांच्या बोलण्यात व्यत्यय नको. उत्तर आलं नाही तर पुढची हाक थोडी जोरात, मग अजून जोरात, असं ठरलेल्या पायऱ्यांनी चढत जातं. चौथ्या-पाचव्या हाकेला पोचलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच नाखवा वैतागून बटण दाबतो. पुन्हा पहिली हळू हाक. शिवाय जीपीएसचं अर्धवट ऐकलेलंही गेलं. रांगेत पुढे सरकलेला माणूस स्वतःहून मागे जाऊन उभा राहतो, तसा प्रकार.

बंद-चालू करावं अशा दोनच वेळा आहेत. पडदा गोठलाय, बटण दाबून काहीच हलत नाही, ही एक. दुसरी, वायर किंवा अँटेना बदलली असेल तेव्हा. एरवी थांबा.

६. संदेश येतात, हवामानाचा इशारा येतो, पण आपण पाठवलेलं जात नाही. असं कसं?

ऐकायला ताकद लागत नाही, बोलायला लागते. यंत्र ऐकत असतं तेव्हा बॅटरीतून जेमतेम करंट घेतं. हाक मारायच्या क्षणी एकदम ओढतं. ते ओढणं अर्ध्या-एक सेकंदाचं असतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका ट्रॉलरवर यंत्र बसवलं. केबिनच्या टपापासून बॅटरीपर्यंत १२ मीटर अंतर. जवळ होती ती ०.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, स्पीकरला वापरतो ती. जेटीवर सगळं ठीक. समुद्रात गेल्यावर चार दिवस यंत्र इशारे दाखवत होतं, पण नौकेची जागा किनाऱ्यावर कोणालाच दिसली नाही. घरच्यांनी मला शोधत बंदर पालथं घातलं.

नौका परत आल्यावर मीटर लावून बसलो. यंत्र गप्प असताना १२.२ व्होल्ट. हाक मारली की काटा एकदम १०.५ च्या आसपास, यंत्र स्वतःच बंद पडून पुन्हा चालू. म्हणजे प्रश्न ५ मधली चूक यंत्र आपणहून करत होतं, तासाला वीस-वीस वेळा. हिशेब साधा आहे: जाऊन-येऊन २४ मीटर वायर, तिचा रोध ०.८ ओहमच्या वर, करंट २ अँपिअर. दीड व्होल्टाहून जास्त वायरीतच गेले. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, आता पाव व्होल्टही जात नाही. जेटीवर का चाललं? तिथे इंजिन चालू होतं, अल्टरनेटर १४ व्होल्ट देत होता.

वायर जाड असूनही हेच होत असेल तर अँटेनेचा जोड उघडून बघा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. बाहेरून टेप गुंडाळलेली असते, आत पावडर.

७. १ ऑगस्टला सगळ्या नौका एकदम निघतात. सगळ्यांनी एकदम हाक मारली तर?

तर हाका एकमेकींवर आपटतात, आणि कोणाचीच ऐकू येत नाही. अंदाजाने कधीही बोलायचं आणि धडकलं तर थोडं थांबून परत बोलायचं, ही युक्ती १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओवर चालवून दाखवली. तिचं नाव अलोहा. या पद्धतीत मार्गिकेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कामी येतो, उरलेला धडकण्यात किंवा शांततेत जातो. सगळ्यांनी ठरलेल्या ठोक्यावरच बोलायचं असा नियम केला की हाच आकडा दुप्पट, ३६.८ टक्के होतो. ठोका पाळायचा तर प्रत्येकाचं घड्याळ आणि अंतर बरोबर हवं. म्हणजे गाडी पुन्हा वेळेवरच आली.

फोरजी-फाइव्हजीच्या पद्धतीत हाकेचे ६४ वेगवेगळे सूर ठेवलेत. दोघांनी एकाच वेळी हाक मारली तरी सूर वेगळे असले तर वरच्याला दोघंही कळतात. ६४ म्हणजे भरपूर वाटतात, पण सगळे सूर सगळ्यांना खुले धरले आणि एका क्षणी १० नौकांनी हाक मारली, तर कुठल्यातरी दोघींचा सूर एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. विश्वास बसत नसेल तर ६४ चिठ्ठ्या करून खेळून बघा, मी पोरांबरोबर जेटीवर खेळलोय. चिठ्ठी काढून परत टाकायची, हे विसरू नका.

धडकल्यावर प्रत्येक यंत्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त वेळ थांबतं. हे थांबणं म्हणजे बिघाड नव्हे. गर्दीच्या दिवशी पाच-दहा मिनिटं जास्त धरून चाला.

८. खालून फिरणारे उपग्रह जवळ असतात. मग ते लवकर लागायला हवेत ना?

अंतराच्या बाबतीत हो. ६०० किलोमीटर उंचीचा उपग्रह डोक्यावर असेल तर चारही प्रवास मिळून ८ मिलिसेकंद, क्षितिजाजवळ असेल तर २५ च्या आसपास. भूस्थिराच्या अर्ध्या सेकंदापुढे काहीच नाही.

पण तो सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळतो. कोकण रेल्वेच्या फाटकाशी उभं राहिलं की येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा आणि जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू येतो, तेच इथे रेडिओलहरीचं होतं. २ गिगाहर्ट्झवर बोलत असू तर लहर ४८ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. दोन शेजारच्या वाहिन्यांमध्ये अंतर असतं फक्त १५ किलोहर्ट्झ. म्हणजे तुमची हाक तीन घरं सोडून चौथ्याच्या दारात पडते.

दुसरं, तो एका जागेवरून जेमतेम आठ-दहा मिनिटं दिसतो. हाक, उत्तर, ओळख, दुजोरा सगळं त्यात उरकायचं आणि तो मावळायच्या आत पुढच्याचा हात धरायचा. जीसॅट-६ सारख्या उभ्या उपग्रहाला ही धावपळ नाही. त्याची खोट एकच, तो लांब आहे.

९. मग हे सुधारण्यासाठी नक्की काय केलंय?

कॉलेजच्या पोरांचा प्रश्न. मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या १७व्या आवृत्तीत उपग्रहांना पहिल्यांदा रीतसर जागा दिली. त्यातली मुख्य कल्पना मला फार आवडते: दुरुस्ती हाकेनंतर करायची नाही, आधीच करून मग हाक मारायची.

उपग्रह आपला पत्ता सतत सांगत राहतो. मी आत्ता कुठे आहे, कुठल्या दिशेने किती वेगाने चाललोय, आणि ही माहिती किती वेळ खरी धरायची. फाइव्हजीत या निरोपाला एसआयबी-१९ म्हणतात. यंत्राला आपली जागा जीपीएसवरून कळलेली असते. दोन्ही जागा कळल्या की अंतर निघतं, अंतरावरून वेळ, वेगावरून लहर किती सरकेल ते. मग यंत्र तेवढं आधी आणि तेवढ्या सरकवलेल्या सुरात बोलतं, म्हणजे वर पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी येतं. वाहत्या खाडीत पलीकडच्या धक्क्याला लागायचं तर तांडेल होडीचं तोंड ओढीच्या उलट बाजूला धरतो, अगदी तसंच.

वेळ किती अचूक लागते? फोरजीसारख्या मांडणीत बोलण्याच्या दोन तुकड्यांमध्ये सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची मोकळी फट असते. तेवढ्यात लहर १.४ किलोमीटर जाते. जीपीएसची चूक दहा-वीस मीटरची, म्हणून निभावतं. पण यंत्राने भगवती बंदराची कालची जागा धरून ठेवली आणि तुम्ही ६० सागरी मैल बाहेर असाल, तर उपग्रह खाली झुकलेला असताना हिशेब सपशेल चुकतो. जीपीएस ताजा हवा तो यासाठी.

बाकी सुधारणा छोट्या, पण कामाच्या. उत्तरासाठी कान लावायची वेळ प्रवासाइतकी पुढे ढकलली, त्यामुळे प्रश्न २ मधली गफलत गेली. दूरच्या, क्षीण यंत्राला तीच हाक अनेकदा मारायची मुभा मिळाली. मोजमापं पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांसाठीच्या एनबी-आयओटी पद्धतीत १२८ वेळांपर्यंत. चार पायऱ्या दोनांत बसवायची युक्ती १६व्या आवृत्तीतच आली होती. हाकेबरोबरच नाव सांगून टाकायचं, वरूनही एकच उत्तर. अर्धा सेकंद लागणाऱ्या फेऱ्या निम्म्या झाल्या की फरक पडतोच. गर्दीत मात्र ती कमी उपयोगाची, कारण धडकलं तर नावासकट सगळं वाया जातं.

१०. मुसळधार पावसात लागत नाही. पावसामुळेच ना?

ट्रान्सपॉन्डरच्या बाबतीत नाही. तो २ गिगाहर्ट्झच्या थोडं वरच्या पट्ट्यात बोलतो, तिथे लहर १०-१५ सेंटिमीटर लांब. तिला पावसाचा थेंब म्हणजे काहीच नाही. तबकडीवाला टीव्ही पावसात जातो, कारण त्याची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. तबकडीने इंटरनेट देणाऱ्या उपग्रहांनाही आपला जुलै जड जाणार.

पावसात ट्रान्सपॉन्डर बंद पडला तर जोडात पाणी गेलंय का ते आधी बघा.

११. खाडीत नांगरलेल्या नौकेवरून लागत नाही, बाहेर गेलं की लागतं. सह्याद्री आड येतो का?

सह्याद्रीवर उगाच आळ. ९०० मीटरचा कडा २० किलोमीटरवर असेल तर क्षितिजापासून तीन अंशही वर येत नाही. आड येतं ते जवळचं. नौकेपासून ५० मीटरवर ४० मीटर उंच जांभ्याची दरड असेल तर ती ३८-३९ अंशांपर्यंत आकाश खाते. फिरत्या उपग्रहाचा निम्मा फेरा त्यात गेला. जीसॅट-६ ६७ अंशांवर आहे, त्याला दरड नडत नाही. त्याला नडतात माडांच्या ओल्या झावळ्या, केबिनचा लोखंडी टप आणि वर टाकलेली ओली जाळी. यंत्रावर जाळं वाळत घालणारे खलाशी मी पाहिलेत, म्हणून लिहितोय.

१२. जीपीएसच बिघडला तर उपग्रहाशी बोलता येईल का?

१७व्या आवृत्तीप्रमाणे चालणाऱ्या यंत्राला नाही. जागा माहीत नसताना त्याने बोलूच नये असा नियम आहे, नाहीतर चुकीच्या वेळी बोलून ते इतरांचं बोलणं बिघडवेल. जीपीएस नसताना किंवा कोणी त्यात गडबड करत असताना पहिली हाक कशी मारता येईल, यावर काम चालू आहे. तोवर जीपीएसच्या अँटेनेला आकाश मोकळं ठेवा.

१३. जोडणी झालेली नसताना एसओएस दाबलं तर जातं का?

यंत्रावर अवलंबून आहे, आणि फरक जिवाचा आहे.

४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे कोस्पास-सारसॅटचे (उपग्रहांवरून संकटाची हाक टिपणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था) संकट-बिकन जोडणीच्या भानगडीत पडत नाहीत. चालू झाले की साधारण दर ५० सेकंदांनी अर्धा सेकंद ओरडतात. उत्तराची वाट बघत नाहीत. मधला वेळ मुद्दाम थोडा कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे दोन बिकन दर वेळी एकमेकांवर धडकू नयेत. प्रश्न ७ ची अडचण त्यांनी अशी सोडवलीय. इस्रोचा जुना संकट-संदेश प्रक्षेपक, ज्याला आपण डॅट म्हणतो, तोही एकतर्फीच होता. दुसऱ्या पिढीच्या डॅटवर 'संदेश मिळाला' असं उत्तर परत येतं.

ज्या यंत्राला आधी जोडणी लागते, त्याचं बटण दाबून खिशात हात घालून बसू नका. पोच आली का ते पडद्यावर बघा. तोवर व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनेल १६ वर बोलत राहा. मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा.

१४. भाऊ मस्कतला असतो. तिकडून सॅटफोन आणला तर चालेल का?

आणू नका. भारतात परवानगीशिवाय सॅटफोन बाळगणं हा गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियमच्या फोनांना इथे मुभा नाही. बीएसएनएलमार्फत मिळणारी इन्मारसॅटची सेवा आणि तिची कागदपत्रं, हाच रस्ता. समुद्रात असा फोन चालू झाला की तो कुठून चालू झाला हे शोधता येतं, आणि मग चौकशी नौकेवरच्या सगळ्यांची होते.

१५. साधा मोबाइल थेट उपग्रहाला कधी लागणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये बीएसएनएल आणि व्हायासॅटने दिल्लीत भूस्थिर उपग्रहावरून फोनवर संदेश पाठवून दाखवला. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, पण तो तबकडीवाल्या सेवेसाठी. परदेशात आयफोनवर चालणारी उपग्रहाची संकटसेवा, हे लिहितोय तोवर, भारतात नाही. त्या भरवशावर ट्रान्सपॉन्डर काढून ठेवू नका.

१६. वर कायम उपग्रह नसेल, दिवसातून चारदाच येत असेल, तर जोडणी कशी टिकते?

टिकवायची नाही. छोट्या यंत्रांसाठी तशी सोय केलीय: पुढचा उपग्रह कधी येणार हे यंत्राला आधी सांगून ठेवतात, तोवर ते झोपतं, बॅटरी वाचते. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून नौका हलवतो तसं. १९व्या आवृत्तीत अजून एक भर पडली: उपग्रहाला त्या क्षणी जमिनीवरचं केंद्र दिसत नसलं तरी तो निरोप पोटात ठेवतो आणि केंद्रावर आल्यावर उतरवतो. मासळीच्या भावाला चालेल. संकटाच्या निरोपाला अजिबात नाही.

१७. एका नौकेचं इंजिन बसलंय. तिचा ट्रान्सपॉन्डर काढून दुसरीवर लावला तर लागेल का?

लागेल. पहिल्याच दमात लागेल. हाक, उत्तर, ओळख, दुजोरा या चार पायऱ्यांत यंत्राला फक्त यंत्राची ओळख विचारली जाते, खाली कुठली नौका आहे ते नाही. त्याचा क्रमांक मात्र पहिल्या नौकेच्या नोंदणीशी बांधलेला असतो. उद्या तुम्ही एसओएस दाबलंत, तर शोधणाऱ्यांच्या कागदावर जांभळ्या पट्ट्याची, सहा खलाशांची नौका असेल, तिच्या मालकाच्या घरी फोन जाईल, आणि ती तर वाळूत उभी असेल. आधी मत्स्यव्यवसाय खात्यात नोंद बदला, मग मला बोलवा. वायर ४ चौरस मिलिमीटरची आणून ठेवा.